सरकार घरमालक असतं तेव्हा

सरकारी क्वार्टरमध्ये लहानाचं मोठं झालेल्या माणसाला भाडं म्हणजे काय हे फार उशिरा कळतं. आमच्या दारात महिन्याच्या पाच तारखेला कुणी भाडं मागायला उभं राहिलं नाही. वडिलांच्या पगारपत्रकावर कपातीच्या बाजूला लायसन्स फीची एक बारीक रक्कम असायची, तिच्याखाली पाणी आणि वीज, आणि घरभाडे भत्त्याच्या जागी काहीच नसायचं. त्या बदल्यात दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर अंगण आणि अंगणात आईने लावलेला कढीपत्ता. माझं बालपण, शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं त्याच पत्त्यावर झालं. त्या पत्त्यावर आमचा कायद्याने नेमका काय हक्क आहे, हा प्रश्न वडील असेपर्यंत कुणाला पडलाच नाही.

वडील पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या केंद्र सरकारच्या एका आस्थापनेत फिटर होते. हे शहरच मुळी कारखाना आणि त्याला लागून वसाहत अशा जोडीने वाढलं. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशात सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनायला लागलं आणि कामगारांसाठी झाडीत वसाहत झाली. 1962ला एमआयडीसी आली, भोसरी-पिंपरीची शेतं कारखान्यांखाली गेली. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण निघालं. त्या काळात गावाकडून आलेल्या माणसाला नोकरी लागली आणि क्वार्टर मिळालं की तो तरला, असं समजत. माझे वडीलही तसेच आले. निवृत्तीनंतरचं घर पुढे बघू म्हणत राहिले, आणि 2011 साली नोकरीत असतानाच हृदयविकाराने गेले.

दिवस-कार्य आटोपल्यावर आई ऑफिसात गेली. तिथल्या बाबूने नीट बसवून सांगितलं, की नियमाप्रमाणे कुटुंबाला ठरावीक मुदतीपर्यंत नेहमीच्या दराने राहता येईल. स्वतःचं घर कुठेच नसेल तर मुदतवाढीचा अर्ज करता येईल, त्यावर वरून निर्णय होईल. आईने दोन अर्ज केले. एक मुदतवाढीचा, दुसरा मला अनुकंपा तत्त्वावर घ्यावं म्हणून. मी तेव्हा चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत स्टोअरला कंत्राटी होते. अनुकंपाची ऑर्डर निघाली असती तर तेच क्वार्टर माझ्या नावावर होण्याची वाट होती, आणि त्या आशेवर आम्ही दुसरं घर शोधायला निघालोच नाही. धाकटा भाऊ शाळेत होता. वसाहतीतल्या निम्म्या घरांनी आम्हाला तेव्हा हेच सांगितलं, घाई करू नका.

मुदत संपली. अर्जाचं उत्तर आलं नाही. नकारही आला नाही. मग एका महिन्यात लायसन्स फीऐवजी पीनल रेंटचा, म्हणजे दंडात्मक भाड्याचा, कागद आला. वडील भरायचे ते काही शे रुपये होते, या कागदावर काही हजार होते, आणि हिशेब पहिली मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लावलेला होता. वडिलांची ग्रॅच्युइटी 'नो ड्यूज' मिळेपर्यंत अडवली गेली. नो ड्यूज क्वार्टर सोडल्याशिवाय मिळत नाही आणि क्वार्टर सोडून दुसरीकडे जायचं तर डिपॉझिटला पैसे त्या ग्रॅच्युइटीतूनच यायचे होते.

पुढे 2013च्या पावसाळ्यात दारावर नोटीस चिकटवून गेले. सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटादार निष्कासन) अधिनियम, 1971, कलम 4. त्यावर वडिलांचं नाव 'मयत' असं लिहून, खाली आईचं नाव, आणि पुढे 'अनधिकृत भोगवटादार'. आईने ते दोन शब्द मला मोठ्याने वाचायला लावले. ज्या घरात ती लग्न होऊन आली, त्या घरात तिला तसं म्हटलं गेलं होतं. तिने त्या दिवशी सामान बांधायला घेतलं. 'पोलीस येऊन भांडी बाहेर फेकायच्या आत आपणच जाऊ,' म्हणाली.

तिला थांबवलं ते युनियनच्या एका जुन्या काकांनी. वडिलांबरोबर शॉपला होते, निवृत्त होऊन स्वतःच्या घरी गेले होते. त्यांनी नोटीस चष्म्याजवळ धरून पूर्ण वाचली आणि म्हणाले, 'वहिनी, ही बाहेर काढायची नोटीस नाही. ही विचारायची नोटीस आहे. तुम्हाला का काढू नये ते सांगा, असं यात लिहिलंय. सांगायचं की नाही?'

त्या एका वाक्याने आमची दिशा बदलली. काकांनीच मोरवाडी कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे नेलं.

मी वकीलबाईंना पहिलाच प्रश्न विचारला तो सगळे विचारतात तो: आम्ही इतकी वर्षं राहतोय, भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं ना? त्यांनी कपाटातून भाडे नियंत्रण कायद्याचं पुस्तक काढून कलम 3 माझ्यासमोर धरलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही, हे तिथे सुरुवातीलाच आहे. 1947च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यातही सरकारला अशीच सूट होती. शिवाय आम्ही कागदोपत्री भाडेकरूही नव्हतो. नोकरी आहे तोवर राहण्याचा परवाना, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली अशोका मार्केटिंगच्या खटल्यात ठरवून टाकलंय, की सार्वजनिक जागेच्या बाबतीत राज्याचा भाडे कायदा आणि 1971चा केंद्राचा कायदा समोरासमोर आले तर केंद्राचा वरचढ. दिवाणी न्यायालयात दावा लावायचीही सोय नाही, कलम 15 ने ते दार बंद केलंय.

मला ते ऐकून चीड आली. खाजगी मालकाला एक कायदा आणि सरकारला दुसरा, हा कुठला न्याय? वकीलबाई म्हणाल्या, हाच प्रश्न मुंबईच्या हाउसिंग बोर्डाच्या भाडेकरूंनी पन्नासच्या दशकात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. ते हरले. पण का हरले ते लक्षात ठेव, म्हणाल्या. सूट देण्यामागचं कारण असं मानलं गेलं, की सरकार नफ्यासाठी घरं भाड्याने देत नाही, उगाच भाडं वाढवणार नाही, कुणाला लहरीने बाहेर काढणार नाही. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी 1952 साली हीच भूमिका मांडली होती. आणि 1989 साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका भाडेकरूच्या प्रकरणात, द्वारकादास मर्फातियाच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने त्याची दुसरी बाजू स्पष्ट केली: कायद्याने सूट घेतलीय, तर मग घरमालक म्हणून वागतानाही सरकारी संस्थेला न्यायाने आणि कारण देऊनच वागावं लागेल. राज्यघटनेचं कलम 14 तिला घरमालकाच्या भूमिकेतही लागू आहे.

मला ते तेव्हा पूर्ण कळलं असं नाही. पण इतकं कळलं, की 'आम्ही इथून जाणारच नाही' असं म्हणायला कायद्यात जागा नाही, आणि 'आम्हाला न ऐकता, हिशेब न दाखवता काढता येणार नाही' असं म्हणायला भरपूर जागा आहे. माझ्या मते सरकारी घरात राहणाऱ्या प्रत्येकाने हा फरक नीट समजून घ्यायला हवा. वसाहतीतली बहुतेक माणसं पहिल्याच्या नादात दुसरं गमावतात. कुणी नगरसेवकाकडे जातं, कुणी साहेबांच्या घरी मिठाई घेऊन जातं, कुणी नोटीस घ्यायलाच नकार देतं. नोटीस दारावर चिकटवली तरी ती बजावली गेलीच असं धरतात, हे त्यांना ठाऊक नसतं. सुनावणीला कुणी जात नाही, आणि मग एकतर्फी हुकूम होतो.

आम्ही उत्तर लिहिलं. वकीलबाईंनी भाषा घातली, माहिती आईने दिली. पहिला मुद्दा: मुदतवाढीचा अर्ज दिलेला आहे, त्यावर आजपर्यंत निर्णय कळवलेला नाही. दुसरा: अर्ज प्रलंबित असताना मागच्या तारखेपासून पीनल रेंट लावताना आमचं म्हणणं मागवलं नाही. नुकसानभरपाई वसूल करायची तर कलम 7 खाली वेगळी नोटीस द्यावी लागते, आणि रक्कम कशी काढायची त्याचे निकष 1971च्या नियमांमध्ये नियम 8 मध्ये दिलेले आहेत. तिसरा: कुटुंबाकडे कुठेही घर नाही, मुलगा बारावीला आहे, मार्चपर्यंत मुदत द्यावी. सोबत मृत्यू दाखला, रेशन कार्ड, भावाचं बोनाफाइड, पगारपत्रकांच्या झेरॉक्स. काकांनी बजावलं होतं, कागद टेबलावर ठेवून यायचं नाही. आवक विभागात द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. आणि शिवाय एक प्रत रजिस्टर पोस्टाने.

सुनावणी त्याच आस्थापनेच्या प्रशासकीय इमारतीत होती. इस्टेट ऑफिसर म्हणजे तिथलेच एक राजपत्रित अधिकारी. ज्याची जागा, त्याच्याच पगारावरचा माणूस न्याय करायला बसतो, ही या कायद्यातली मला आजही सलणारी गोष्ट आहे. कायदा त्याला मुभा देतो आणि न्यायालयांनी ते मान्य केलंय, पण समोर बसणाऱ्या विधवेला त्याने काय वाटतं ते मी आईच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, पदर घट्ट धरून.

त्यांच्या बाजूने आलेल्या कारकुनाने सांगितलं, की मुदतवाढीचा अर्ज फाइलला नाही. आईकडे त्या अर्जाची झेरॉक्स होती, पण त्यावर शिक्का नव्हता. तेव्हा आम्हाला शिक्क्याचं कुणी शिकवलंच नव्हतं. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, कलम 8 प्रमाणे इस्टेट ऑफिसर म्हणून आपल्याला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आवक नोंदवही मागवावी. अधिकारी क्षणभर थांबले आणि पुढची तारीख दिली.

त्या तारखेला वही आली. जाड, लाल कापडी बांधणीची, कडा मऊ झालेल्या. कारकून पानं उलटत होता आणि आई वाकून बघत होती. तिला तारीख पाठ होती, कारण अर्ज दिला त्या दिवशी संकष्टी होती आणि ती उपाशीपोटी रांगेत उभी राहिली होती. ओळ सापडली. अनुक्रमांक, आईचं नाव, 'क्वार्टर मुदतवाढीबाबत', आणि कुठल्या विभागाकडे पाठवला त्याची आडवी सही. अधिकाऱ्यांनी वही आपल्याकडे फिरवून घेतली, ती ओळ स्वतः वाचली आणि रोजनाम्यात लिहायला सांगितली.

हुकूम काही आठवड्यांनी आला. क्वार्टर सोडण्याचाच होता. पण त्यात कारणं लिहिलेली होती. अर्ज वेळेत आल्याचं मान्य केलं होतं. नियमात जेवढी वाढीव मुदत देता येते तेवढ्या काळासाठी नेहमीचीच लायसन्स फी घ्यावी, पीनल रेंट त्यानंतरच्या महिन्यांपुरतं लावावं आणि भावाच्या परीक्षेनंतर जागा रिकामी करून द्यावी, असं होतं. पीनल रेंटची रक्कम त्यामुळे खूपच खाली आली. हुकूम पसंत नसेल तर कलम 9 खाली 12 दिवसांच्या आत शिवाजीनगरला जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं. वकीलबाईंनी विचारलं. आई म्हणाली, नको, आता मन उडालं. परीक्षा संपल्यावर आम्ही चावी दिली, पंचनाम्यावर सही केली, नळ, पंख्याचे हुक, बल्ब होल्डर मोजून दिले. चावी दिल्याची पावती मागून घेतली, कारण पावती नसेल तर पीनल रेंट चालूच राहतं. अनुकंपाची ऑर्डर शेवटपर्यंत आली नाही.

ग्रॅच्युइटीतून उरलेलं पीनल रेंट कापून बाकी पैसे मिळाले. हे कापणं बरोबर का, यावर न्यायालयं एका सुरात बोललेली नाहीत. गोरखपूर विद्यापीठाच्या प्रकरणात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीचे लाभ क्वार्टरसाठी अडवून ठेवणं चूक ठरवलं, तर ओएनजीसीच्या प्रकरणात 2005 साली अशी कपात मान्य केली. आमच्यासारख्याला यातून एवढंच घेता येतं, की हिशेब लेखी मागावा आणि कपातीला हरकत असेल तर ती पैसे घेतानाच लेखी नोंदवावी.

आम्ही भोसरीत खोली घेतली. एका आळीत पत्र्याच्या आठ-दहा खोल्या, वरती मालक. बहुतेक भाडेकरू चाकणच्या कारखान्यांतले. पहाटे कंपनीच्या बस नाशिक रोडवर उभ्या राहायच्या आणि आळी रिकामी व्हायची. भाडं रोख, पावती नाही, करार नाही, विजेचा दर मालक सांगेल तो. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, ज्या कायद्याने क्वार्टरमध्ये आमच्याकडे पाठ फिरवली होती तोच आता इथे आमच्या बाजूने होता. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भाड्याची पावती देणं कलम 26 ने बंधनकारक. पाणी-वीज तोडून भाडेकरूला घालवायला कलम 29 ने बंदी. मी मालकांशी भांडले नाही. 'काका, आपण करार नोंदवू, पोलीस पडताळणीलाही तुम्हाला तो लागेल,' असं म्हणाले. नोंदणीचा खर्च निम्मा निम्मा केला. आळीतला तो पहिला नोंदवलेला करार.

त्यानंतर आजूबाजूची माणसं कागद घेऊन यायला लागली. मी वकील नाही, ते मी आधीच सांगते. पण कुठला कागद कुठल्या कायद्याखाली आला एवढं तरी बघून देते, कारण 'सरकारी घर' म्हणजे एकच कायदा नव्हे. केंद्राची आस्थापना किंवा केंद्राचा निम्म्याहून जास्त हिस्सा असलेली कंपनी असेल तर 1971चा कायदा. राज्य सरकारचं क्वार्टर असेल तर राज्याचा 1955चा निष्कासन कायदा. महापालिकेची जागा असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 81-ब. म्हाडाचा गाळा असेल तर म्हाडा कायद्याचं कलम 66. चिखलीच्या घरकुलात राहणारी माणसंही येतात, त्यांचा प्रश्न आणखी वेगळा असतो, कारण तिथे वाटपपत्राच्या अटीच सगळं ठरवतात. घर स्वतः राहायला दिलेलं असतं, आणि भाड्याने देऊन टाकलं की लाभार्थी आणि भाडेकरू दोघेही अडचणीत येतात. तिथे भाड्याने शिरलेल्या कुटुंबाला तर आपण कुणाच्या घरात राहतोय याचीच कल्पना नसते. पण या सगळ्या कायद्यांत आधी नोटीस द्यावी लागते आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. 1985 साली ओल्गा टेलिसच्या निकालात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीचं महत्त्व सांगितलं होतं. ज्याच्या हातात वाटपपत्र होतं त्याला तर ती मिळालीच पाहिजे.

मला काळजी वाटते ती ही संधी आकसत चालल्याची. आमच्या वेळी 1971च्या कायद्याच्या कलम 4 च्या नोटिशीत निदान सात दिवस मिळायचे, आणि तारीख पुढे गेली म्हणून ती वही तरी समोर आली. 2015च्या दुरुस्तीने प्रकरणं लवकर निकालात काढण्यासाठी मुदती आवळल्या आणि थकबाकीवर सरळव्याजाऐवजी चक्रवाढ व्याज आणलं. 2019 साली कलम 3-ब आलं. नोकरीपुरतं दिलेलं राहतं घर मुदतीनंतर सोडलं नाही तर तीन कामाच्या दिवसांत कारण दाखवायचं, आणि हुकमाला न्यायालयात आव्हान दिलं तर दर महिन्याची नुकसानभरपाई भरत राहायची. दिल्लीतल्या बंगल्यांना चिकटून बसलेल्या माजी मंत्र्यांना हलवायला हे लागत असेल, मी नाही म्हणत नाही. वाट बघणाऱ्या नव्या कामगारालाही क्वार्टर मिळायला हवंच, तोही कुणाचा तरी बाप असतो. पण नवरा गमावलेल्या बाईला तोच तीन दिवसांचा दोर लावणं मला पटत नाही. तेवढ्या वेळात तिला वकील सापडत नाही, नोंदवही तर दूरच.

गेल्या वर्षी शहरातल्याच एका वसाहतीतून अशी एक ताई आली. नवरा गेलेला, दोन लहान मुली, हातात तीन दिवसांची नोटीस. तिच्या मुदतवाढीच्या अर्जावर मात्र आवकचा शिक्का होता, गोल, निळा, तारीख स्पष्ट. तिच्या वसाहतीतल्या कुणीतरी तिला तो आठवणीने घ्यायला लावला होता. आम्ही रात्री बसून उत्तर तयार केलं, मी सोबतच्या कागदांची यादी केली, आईने मुलींना जेवायला वाढलं. सकाळी वकीलबाईंकडून ते तपासून घेतलं आणि दुपारच्या आत दाखल केलं. तिला मुलींच्या परीक्षेपर्यंत राहू दिलंय, पीनल रेंटची नोटीस अजून प्रलंबित आहे, आणि त्या सुनावणीला तिच्याबरोबर मी जाणार आहे.